हृदयाचा लगाम

वाचकहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून नाडी सापडली, म्हणजे सावकाश दीर्घ श्वास आत घ्यावा आणि त्याहूनही सावकाश बाहेर सोडावा. असे चार-पाच वेळा केले म्हणजे लक्षपूर्वक पाहणारास एक मौज आढळून येईल. श्वास आत जात असता नाडी किंचित जलद चालते, बाहेर पडत असता ती मंदावते. घरातील बारा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या नाडीत हा फरक चटकन लागेल. आजोबांच्या नाडीत तो फार थोडा लागेल, कदाचित लागणारही नाही. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली हाच फरक यंत्राने रेखून ठेवला होता.

आता हृदय हे काही आपल्या आज्ञेत वागणारे इंद्रिय नव्हे. हात उचलावा असे मनात आले की हात उचलतो. पण ‘जरा हळू चाल’ असे हृदयास कितीही बजावले तरी ते ऐकत नाही. मग श्वासाची वार्ता हृदयापर्यंत कोण पोहोचवितो? जो अवयव आपले ऐकत नाही तो श्वासाचे कसे ऐकतो? या प्रश्नाच्या उत्तरात ‘व्हेगस’ नावाचा एक मज्जातंतू आहे. त्याचे कार्य काय, आणि त्याविषयीच्या विचारात व प्रयोगांत महाराष्ट्रातील काही विद्वानांनी कोणता भाग घेतला, हे सांगण्याचा येथे विचार आहे. विषय शास्त्रीय असला तरी त्याचा संबंध घरातील प्रत्येक वडील माणसाच्या प्रकृतीशी आहे, म्हणून तो कुटुंबात बसून वाचण्यासारखा आहे.

परिव्राजक मज्जातंतू

मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आहेत. त्यांपैकी दहावी जोडी व्हेगसची. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’ असा आहे. आपल्या भाषेत त्यास परिव्राजक म्हणता येईल, आणि हे नाव त्यास शोभूनही दिसेल. दुसरे मज्जातंतू डोळा, कान, जीभ असे एखादे घर धरून राहतात. हा मात्र मेंदूच्या देठापासून निघून मानेतील मोठ्या रोहिणीच्या कडेने खाली उतरतो, कंठास शाखा देतो, फुप्फुसे व हृदय यांस भेटतो, आणि पडद्यातून पार होऊन जठर, यकृत व आतड्याचा बराचसा भाग येथपर्यंत जाऊन पोहोचतो. एक उजवीकडून, एक डावीकडून अशी ही जोडी आहे. तीमधील सुमारे चार-पंचमांश तंतू आतील इंद्रियांची वार्ता वर मेंदूस पोहोचविण्याचे काम करतात. खाली हुकूम नेणारे तंतू थोडेच. घरातील शहाणा वडील मनुष्य ऐकतो फार आणि बोलतो थोडे, तशीच ही रीत दिसते.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरील कप्प्यात त्याचे ठोके उत्पन्न करणारी एक गाठ असते. तिला कोणाचाही हुकूम लागत नाही. मज्जातंतूंचा संबंध सर्वस्वी तुटला तरी तरुण मनुष्याचे हृदय मिनिटास सुमारे १०० ठोक्यांच्या वेगाने चालतच राहील. पण स्वस्थ बसलेल्या निरोगी मनुष्याची नाडी ६० ते ८० असते. हा जो फरक, ती व्हेगसची करामत. कठोपनिषदात शरीरास रथाची आणि मनास लगामाची उपमा दिली आहे. तीच उपमा थोडी बदलून घेतली तर हृदय हा घोडा आणि व्हेगस हा त्याचा लगाम होय. घोड्यास चाबूकही आहे. भय, क्रोध, धावपळ यांच्या वेळी दुसऱ्या जातीचे मज्जातंतू हृदयास पिटाळतात. प्रकृती उत्तम असते तेव्हा लगाम आणि चाबूक दोन्ही वेळेवर चालतात. श्वास आत घेताना लगाम किंचित सैल होतो, सोडताना तो आवळला जातो. प्रारंभीच्या प्रयोगात बोटांस लागलेला फरक तो हाच.

हे ज्ञान युरोपात टप्प्याटप्प्याने झाले. १८४५ साली अर्न्स्ट व एडुआर्ड वेबर या बंधूंनी व्हेगसला विजेचा उद्दीपक प्रवाह दिला असता हृदय मंदावते, किंबहुना काही वेळ थांबतेही, असे दाखविले. मज्जातंतू चेतविला असता अवयव काम करू लागण्याऐवजी स्वस्थ होतो, ही गोष्ट त्या काळी सर्वांस नवी होती. पण लगाम आवळतो तो कशाच्या योगाने? याचे उत्तर ऑटो लेवी या शास्त्रज्ञाने ग्रात्स येथे १९२१ साली दिले. प्रयोगाची कल्पना त्यास झोपेत सुचली. रात्री उठून त्याने ती कागदावर उतरविली. पण सकाळी स्वतःचे अक्षर त्यासच लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा तो उठून थेट प्रयोगशाळेतच गेला. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस चेतवून ते मंदावले असता त्याभोवतीचा द्रव दुसऱ्यास लावला. तर तेही मंदावले! मज्जातंतूच्या टोकाशी एक रासायनिक द्रव्य सुटते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे ते द्रव्य ॲसिटिलकोलीन असे ठरले, आणि १९३६ साली लेवी व हेन्री डेल या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले.

डॉ. रेळे यांचे धाडस

लेवीच्या प्रयोगास पुरती दहा वर्षेही झाली नव्हती, तोच मुंबईतील एका मराठी डॉक्टराने या मज्जातंतूचे नाव अगदी निराळ्या प्रांतात नेले. योगी लोक आपली नाडी थांबवितात, अशी आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुशिक्षितांपैकी काही ती ऐकून हात जोडीत, काही हसत. तपासून पाहणारा मात्र विरळा. डॉ. वसंत ग. रेळे यांनी शरीरशास्त्र आणि हठयोगाचे ग्रंथ असे दोन्ही समोर घेऊन १९२७ साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘द मिस्टीरिअस कुंडलिनी’, म्हणजे ‘गूढ कुंडलिनी’. त्यात त्यांनी असे प्रतिपादन केले की, योगग्रंथांत जिला कुंडलिनी म्हटले आहे ती म्हणजे उजव्या बाजूचा व्हेगस मज्जातंतू होय. तो वश झाला म्हणजे हृदयादी स्वयंचलित इंद्रिये वश होतात, आणि योगसाधनेच्या शारीरिक चमत्कारांचा उलगडा यावरून होतो, असे त्यांचे म्हणणे.

या पुस्तकास सर जॉन वुड्रॉफ यांची प्रस्तावना आहे. वुड्रॉफ हे कलकत्त्याच्या हायकोर्टाचे न्यायाधीश होते आणि तंत्रशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा होता. मौजेची गोष्ट अशी की, प्रस्तावना लिहिणाऱ्या या गृहस्थांनीच लेखकाचा मुख्य सिद्धांत मान्य केला नाही. कुंडलिनी ही शक्ती आहे, मज्जातंतू नव्हे, असा त्यांचा अभिप्राय. लेखकानेही तो मतभेद आपल्याच पुस्तकाच्या आरंभी छापू दिला.

आज विचार करता या वादात वुड्रॉफ यांचाच पक्ष बळकट दिसतो. ज्या ग्रंथकारांनी शवविच्छेदन करून मज्जातंतू मोजले नाहीत, त्यांच्या शब्दांस आजच्या शरीरशास्त्रातील एकेका तंतूचे नाव चिकटविणे हे संस्कृत जाणणारास पटण्यासारखे नाही. ग्रंथातील शब्दाचा अर्थ ग्रंथाच्या परंपरेतूनच लावावा लागतो. नव्या शोधाचा अर्थ जुन्या शब्दात कोंबला तर दोहोंचाही घात होतो. परंतु डॉ. रेळे यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. ‘आमच्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत. अमुक क्रिया, अमुक मज्जातंतू आणि अमुक परिणाम, अशा स्पष्ट शब्दांत त्यांनी विधान केले. खोडून काढता येईल असे विधान करावयास धैर्य लागते. आणि श्वास व हृदय यांमधील दुव्याच्या शोधात त्यांनी बोट ठेवले ते नेमके व्हेगसवर, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लोणावळे, दिल्ली आणि परळ

डॉ. रेळे यांनी अर्थ लावण्याचा मार्ग घेतला. त्याच सुमारास दुसऱ्या एका मराठी विद्वानाने मोजमापाचा मार्ग धरला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले स्वामी कुवलयानंद, हे मूळचे संस्कृताचे विद्यार्थी. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांस जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली होती. अमळनेरास त्यांनी शिक्षकी केली. १९२४ साली त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान, नौली अशा क्रियांच्या वेळी पोटातील दाब किती उतरतो, हे त्यांनी दाबमापक व क्ष-किरण यांच्या साहाय्याने पाहिले. गुरूने सांगितलेली गोष्ट यंत्रापुढे ठेवण्यात त्यांस श्रद्धेची हानी वाटली नाही, ही त्यांची विशेषता.

१९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयाचा विद्युत आलेख काढण्याचे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या. एका योगाभ्यासकाच्या आलेखात हृदयाच्या लहरी अत्यंत क्षीण झालेल्या त्यांस आढळल्या. योगी हृदय थांबवू शकतो, या समजास त्यामुळे मोठाच आधार मिळाला. पण शास्त्रात एका साक्षीवर निकाल होत नाही. अमेरिकेतील वेंगर व बागची आणि दिल्लीचे डॉ. आनंद यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, आणि चार योगाभ्यासकांवर केलेले प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी तिघांनी श्वास कोंडून, कंठ मिटून छाती व पोट यांचे स्नायू जोराने आवळले होते. त्यामुळे हृदयाकडे परत येणारे रक्त कमी झाले, ठोके ऐकू येईनासे झाले, मनगटावरील नाडी लागेनाशी झाली. पण आलेखात हृदय चालूच होते! चौथ्याने मात्र आपले हृदय खरोखरीच पुष्कळ मंद करून दाखविले. थांबले ते त्याचेही नाही.

या निकालाने आख्यायिका गेली खरी. पण तिच्या मुळाशी असलेली खरी गोष्ट हाती राहिली. हृदय थांबविता येत नाही. श्वास व स्नायू यांच्या द्वारे त्याच्या गतीवर परिणाम मात्र करता येतो. मग रोग्यास याचा उपयोग काय? हा प्रश्न मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी विचारला. त्यांच्या सहकाऱ्यांत कैवल्यधामाशी संबंध असलेले डॉ. विनेकर हेही होते. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांस त्यांनी शवासन शिकविले, आणि त्याचा वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध केला. रुग्णाने उताणे निजावे, अंग सैल सोडावे, पोटाने सावकाश श्वासोच्छ्वास करावा, श्वास सोडल्यावर किंचित अधिक थांबावे, आणि नाकपुडीशी आत येणारी हवा गार लागते व बाहेर जाणारी उष्ण लागते, तिकडे लक्ष ठेवावे. असे रोज अर्धा तास. बहुतेकांस ही क्रिया सुमारे तीन आठवड्यांत साधली. ज्यांस औषध चालू नव्हते अशा रुग्णांचा मध्यम रक्तदाब सरासरीने १३४ वरून १०७ वर आला. औषध घेणाऱ्यांपैकी पुष्कळांची मात्रा मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर आणता आली.

संख्या लहान होती, हे खरे. परंतु १९७५ साली इंग्लंडात डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांचे दोन गट पाडून असाच प्रयोग केला. ज्यांस शिथिलीकरण शिकविले त्यांचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ पर्यंतच उतरला. म्हणजे दाते यांनी दाखविलेली दिशा चुकीची नव्हती.

जपमाळ आणि नाडी

पुढे १९९८ साली युरोप-अमेरिकेतील डॉक्टरांनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १२८४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या नाडीत चढउतार अल्प होता आणि ज्यांचा व्हेगस रक्तदाबाच्या बदलास नीट उत्तर देत नव्हता, त्यांच्यात हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. घड्याळाप्रमाणे अगदी सारखी चालणारी नाडी उत्तम, अशी आपली समजूत असते. वास्तविक निरोगी हृदय श्वासागणिक थोडे पुढेमागे होते.

२००१ साली इटलीतील डॉ. बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा षडक्षरी मंत्र यांचा जप करविला. दोन्ही जपांत श्वास मिनिटास सुमारे ६ वर आला, आणि हृदयाची रक्तदाबास उत्तर देण्याची शक्ती वाढलेली दिसली. याचे कारणही मोठे सुंदर आहे. रक्तदाबात सुमारे १० सेकंदांची एक लहर मुळातच असते. मिनिटास ६ श्वास म्हणजेच दर श्वासास १० सेकंद. झोका परत येतो त्याच वेळी हात लावला म्हणजे तो उंच जातो, तसे येथे होते. दोन धर्म, दोन भाषा आणि श्वासाची गती मात्र एक! आपल्या घरातील आजी सावकाश जप करते तेव्हा तिचा श्वासही असाच लांबत असावा. तिने जप केला तो देवासाठी; नाडीचा लाभ झाला तर तो वरकड समजावा.

सावधगिरीचे चार शब्द

येथवर वाचून एखादे वयोवृद्ध गृहस्थ उद्यापासून गोळ्या बंद करून आसनावर बसतील, ही भीती मला खरोखरीच वाटते. आणि हा लेख लिहिण्याचे निम्मे कारण तेच आहे. आमच्या एकोडीसारख्या गावात ‘प्राणायामाने रक्तदाब गेला’ असे कोणी सांगितले की ते पारावरून घरोघर जाते, आणि रक्तदाब न मोजताच औषधाची बाटली कोनाड्यात जाते. दाते यांच्या प्रयोगात औषध कमी झाले, ते रक्तदाब वारंवार मोजून डॉक्टरांनी कमी केले. रुग्णाने आपल्या मनाने नव्हे.

दुसरे असे की, हृदयविकार व वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरण्याच्या क्रिया वैद्यांस विचारल्यावाचून करू नयेत. श्वास कोंडून जोर केला म्हणजे काय होते ते वर आलेच आहे. शौचास बसून जोर करणाऱ्या वृद्धांस घेरी येते, तिचेही कारण पुष्कळदा हेच. भर उन्हात उभे राहून, रक्त पाहून किंवा भीतीने काही माणसे मूर्च्छित होतात. त्या वेळी व्हेगसचा लगाम प्रमाणाबाहेर आवळला जातो. अशा मनुष्यास उठवून बसविण्याची घाई न करता उताणे निजवावे व पाय उंच करावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छातीत दडपण आले, कळ डाव्या हातात अथवा जबड्यात जाऊ लागली, घाम सुटला, तर ती वेळ दीर्घश्वसनाची नव्हे. ती वाहन बोलावण्याची वेळ आहे. खेड्यातून मोठे रुग्णालय गाठावयास वेळ लागतो, आणि त्यात घरच्या उपायांचा एक तास घालविणे म्हणजे हृदयाचा तितका भाग हातचा घालविणे होय.

आणि यंत्रानेही सर्व काही साधते असे नाही. मानेतील व्हेगसला विजेचे स्पंद देणारे यंत्र त्वचेखाली बसवून अपस्माराच्या काही रुग्णांस आराम पडतो; अमेरिकेत त्यास १९९७ साली मान्यता मिळाली. अशाच जातीचे यंत्र दुर्बल हृदयासही उपयोगी पडेल, अशा आशेने ७०७ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१६ साली आला, आणि मृत्यू वा आजाराचे बळावणे त्याने कमी झाले नाही. युक्ती कितीही सुसंगत दिसो, रुग्णाच्या अंगी तिचा गुण येतो की नाही हे पाहावेच लागते. डॉ. रेळे यांच्या सिद्धांतास जो न्याय, तोच या यंत्रासही.

मग घरी करावे काय? औषध, मिताहार, चालणे आणि तंबाखूचा त्याग यांच्या जोडीला रोज थोडा वेळ सावकाश श्वासोच्छ्वास. श्वास सोडणे घेण्याहून लांब, कोंडणे नाही, ओढाताण नाही. यास पैसा लागत नाही. लागतो तो निवांतपणा.

आणि निवांतपणाची वाटणी आपल्या कुटुंबांत कशी होते, हे एकदा तपासून पाहावयास हवे. सकाळी आसन मांडून डोळे मिटण्याची सोय बहुधा वडील पुरुषांस असते. त्यांचा श्वास सहावर येत असतो त्याच वेळी घरची सून चहा, डबे, पाणी आणि सासूबाईंची औषधे यांत धावत असते. तिच्या हृदयावर चाबूकच चाललेला असतो. रक्तदाब तिलाही होतो. तो मोजण्याची आठवण मात्र पुष्कळदा घेरी येऊन पडल्यावर होते. दाते यांच्या रुग्णांस रोज अर्धा तास लागला. तेवढा अर्धा तास तिला मिळावा, त्या वेळात कोणी तिला हाक मारू नये, दारी आलेल्यास पाणी सासऱ्यांनी द्यावे, आणि महिन्यातून एकदा आजोबांबरोबर तिचाही रक्तदाब मोजला जावा. एवढी व्यवस्था कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी मनावर घेतली तर सहज होण्यासारखी आहे.